ज्याचं त्यानं बोलायचं

माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, लाइनमन होते. खांबावर चढलेला माणूस खाली येऊन स्वतःच्या तोंडानं बोलल्याशिवाय ते लाइन चालू करत नसत. डीपीचा दांडा वर केला की लाइन चालू व्हायची; त्या दांड्यावर हात ठेवून ते एकेकाला नावानं हाक मारायचे. "उतरना का रे, सुक्या?" गल्लीच्या टोकाकडून "हाव, उतरनू" म्हणजे 'हो, उतरलो', असं आलं की पुढचं नाव. कुणी नुसता हात हलवला तर चालत नसे. कुणी दुसऱ्याच्या वतीनं "तो बी उतरला" म्हटलं तर त्याची खैर नसे. "तू त्याचं तोंड आहे का? ज्याचं त्यानं बोलायचं."

घरात मोठी माणसं त्यांना दादा म्हणत. सुरतमधल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत मात्र त्यांचं नाव 'थांबभो' पडलं होतं. लाइट गेली की कापडाच्या लूमची खडखड एकदम थांबायची, माणसं घाम पुसत बाहेर यायची आणि लाइट कधी येणार म्हणून दादांच्या मागे लागायची. "काका, लाइट क्यारे आवशे?" दादांचं उत्तर एकच, "थांब भो." लहान पोरंसुद्धा खेळताना कमरेवर हात ठेवून त्यांची नक्कल करायची. दादा ती बघून हसायचे आणि म्हणायचे, "हात बरोबर नाही ठेवला रे, अजून थोडा वर."

एकदा उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी लाइन गेली. समोरची भाभी ओट्यावरून ओरडली, "भैया, एक बार चालू करके तो देखो. जो होगा सो होगा!"

"होगा तो किसको होगा, भाभी? नाम बताओ," दादा म्हणाले. गल्ली हसली, भाभी आत गेली.

मग दादा मान वर करून पूर्ण लाइनीखालून चालत गेले. कुणीतरी पतंगाला जरीच्या तारेची शेपटी लावली होती. ती तुटून दोन तारांवर आडवी पडली होती आणि दवानं भिजली होती. कोरड्या बांबूनं त्यांनी ती काढली. लोकांना वाटलं, झालं, आता लाइट येणार. पण दादांनी मेगर काढलं. ती एक पेटी होती. तिचा दांडा फिरवला की वीज कुठं गळून जमिनीत जातेय का, ते काट्यावर कळायचं. "एक दोष सापडला म्हणून दुसरा नसेल असं कुणी सांगितलं?" काटा बघून झाला, हाका मारून झाल्या, मग लाइट आली. तोवर भाभीनं चहा केला होता आणि पहिला कप दादांनाच पाठवला.

दादा असं का करतात ते मला फार वर्षांनी कळलं. माझ्या मुलीनं, मनीनं, जेवताना विचारलं, "काका, तुम्ही एवढं का ओरडता?" मी आत भाकरी थापत होते. बाहेर पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाले, "माझा एक जोडीदार होता. खांबावर होता. खालून कुणीतरी मला सांगितलं, सगळे उतरले. मी दांडा वर केला." हातातला घास ताटात ठेवून ते म्हणाले, "त्या सगळ्यांत तो नव्हता." त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली. मीही ती उचलायला बाहेर गेले नाही.

आता माझं सांगते. आमच्या खानदेशात धाकट्या भावाची बायको जेठाशी बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा आणि काही सांगायचं तर पोरांच्या तोंडून. सुरतला येऊनही आमच्या घरात ते तसंच राहिलं. त्यात मी मुळातच बुजरी. जेठाणी माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे दादांचं जेवणखाण माझ्याकडे होतं. दोन खोल्यांच्या घरात रोजचा संबंध, पण शब्द एक नाही.

दादांनी त्यावर आपल्या कामातली रीत काढली. बाहेरून आले की उंबऱ्याशी थांबायचे, खाकरायचे आणि भिंतीकडे बघून विचारायचे, "येऊ का?" मी पदर सारखा करून पळीनं पातेलं एकदा वाजवायची. मग ते आत यायचे. भाजी आणखी हवी का, याचं उत्तर ते ताट पुढं सरकवून द्यायचे. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. वाचून झालेला पेपर ते रोज माझ्या पिठाच्या डब्यावर घडी करून ठेवायचे. सगळ्या लाइनीवर ज्यांना माणसाचा आवाजच लागायचा, त्यांनी माझं मात्र पातेलं चालवून घेतलं.

नोकरी संपल्यावर दोन पावसाळे गेले आणि दादांचं मूत्रपिंड बिघडलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आम्ही खाट पंख्याखाली लावली. ताप डोक्यात जायचा, मग ते कधी आम्हाला ओळखत, कधी नाही.

त्या दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, लूम थांबले, गल्ली गप्प झाली. दादांनी डोळे उघडले. उजवा हात हवेत उचलला, मूठ वळली आणि हाका सुरू झाल्या. "सुक्या, उतरना का रे?" जुनी नावं एकामागून एक. उत्तर येईना तसा त्यांचा श्वास चढायला लागला.

माझे मालक वाकून म्हणाले, "हाव दादा, सगळे उतरले."

"सगळे म्हणू नको!" दादा ओरडले. एवढी ताकद कुठून आली कळेना. "तुझं सांग."

"उतरनू, दादा." मालक म्हणाले.

"मनी?"

"उतरले, काका."

"आन मनीची माय?"

मी दाराआड पाण्याचा पेला घेऊन उभी होते. सवयीनं मी चमचा पेल्यावर वाजवला.

"हे भांडं झालं," दादा म्हणाले. "माणूस कुठं आहे?"

त्यांची मूठ हवेतच होती. ती खाली येत नव्हती, वरही जात नव्हती. मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी खाटेजवळ गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "हाव दादा. मी बी उतरनू. द्या लाइन."

ते ऐकत राहिले. मग ओठाच्या कडेला हसले. "एवढा आवाज आहे, आन भांडी वाजवत बसली."

मूठ वर गेली, उघडली आणि पांघरुणावर पडली.

लाइट संध्याकाळी आली. तोवर बायका जमल्या होत्या. पंखा फिरला तशी दादांच्या अंगावरची चादर हलली आणि मनी "काका!" म्हणून धावली. मी तिला धरलं.

अजूनही उंबऱ्याशी कुणी खाकरलं की माझा हात पळीकडे जातो. मी पळी उचलत नाही. "या" म्हणते, मोठ्यानं म्हणते. शेजारणी म्हणतात, ही आता बोलायला लागली. आत येणारा दुसराच कुणी असतो.