काळ्या बाजूचा श्यामकांत

श्यामकांत प्रधान दुसऱ्यांचे वजीर फार सुंदर द्यायचा. स्वतःचा मात्र त्यानं उभ्या आयुष्यात कधी दिला नाही. वजीर राहू द्या, मोबदल्यात काय मिळणार याची पक्की खात्री झाल्याशिवाय त्याच्या हातून साधं प्यादंही सुटलं नाही.

पार्ले पूर्वेला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी ‘चौसष्ट घरं’ नावाचं मंडळ भरतं. बहुतेक साठीपुढची माणसं, भिंतीला टांगलेला मोठा पट आणि त्याला चिकटणारे चुंबकाचे मोहरे, एवढाच संसार. आल्या आल्या दारातल्या वेताच्या टोपलीत फोन टाकायचे, कारण इथे डाव आधी डोळ्यांनी बघायचा असतो. यंत्राचं मत ज्यानं त्यानं घरी जाऊन घ्यावं. मग श्यामकांत उभा राहतो आणि दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी पॅरिसला नाहीतर लंडनला खेळलेला एखादा डाव लावतो. बळीची चाल आली की थांबतो आणि नुसतं ‘बोला’ म्हणतो. माणसं डोकं खाजवतात. कोणाला सुचलं नाही की तो स्वतः वजीर उचलून शत्रूच्या तोंडात नेऊन ठेवतो. शत्रू तो खातो, आणि खाल्लेला वजीर टेबलावरच्या स्टीलच्या वाटीत पडतो. वाटी वाजली की सगळे मिळून एकच टाळी देतात. ती टाळी बळी गेलेल्या मोहऱ्याला. मात देणाऱ्याला मंडळात टाळी नाही, अशी पहिल्यापासूनची पद्धत आहे.

लंडनचा तो अजरामर म्हणतात तो डाव लावला की श्यामकांतला ऐकत राहावं.

“काळ्याकडे बघा,” तो म्हणायचा. “उंट खाल्ला, एक हत्ती खाल्ला, दुसराही खाल्ला. तुडुंब जेवलाय. बसल्या जागेवरून उठवत नाहीये. आणि हा यजमान म्हणतो, अहो वजीर पण घ्या, संकोच कसला करताय?” मग दोन घोडे आणि एक उंट, एवढ्या उरल्यासुरल्या मोहऱ्यांनी तो मात द्यायचा, आणि मुलुंडहून खास येणाऱ्या, आयुष्यभर गणित शिकवलेल्या नमिताबाई पहिल्या रांगेत बसून पदरानं चष्मा पुसायच्या. हे डाव त्याला मनापासून आवडत. कोणी उगीच नाक मुरडलं, आजच्या खेळाडूंनी हे सहज वाचवलं असतं म्हणालं, तर तो चिडायचा. म्हणायचा, देणाऱ्याची छाती बघा, घेणाऱ्याचा हिशेब काय बघता?

स्वतः तो हिशेबातलाच माणूस. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब विभागात लागला आणि त्याच विभागाचा प्रमुख होऊन निवृत्त झाला. घराच्या किल्लीच्या जादा किल्ल्या, त्या जादा किल्ल्या हरवल्या तर म्हणून शेजारी ठेवलेली आणखी एक, असा त्याचा कारभार. पटावरही तसंच. लवकर किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात सुरक्षित ठेवायचा, सगळं घट्ट बांधून घ्यायचं आणि समोरच्यानं कंटाळून चूक करण्याची वाट बघत बसायचं. जिंकायचा भरपूर. बघायला मात्र कोणी थांबायचं नाही. बायको, माधुरी, म्हणायची, “अहो, लोकांच्या वजिरावर तुम्ही भारी उदार.”

त्याच कारखान्यात तपासणी विभागात अंबादास इंगळे होता. घाटकोपरच्या पंतनगरचा. फोन वाजला की खणखणीत ‘जय भीम’, केसांना कलप, शर्टाला कडक इस्त्री, आणि हसणं असं की कॅन्टीनच्या या टोकाला बसलेल्याला कळावं अंबादास आलाय. खेळायला बसला की दहाव्या चालीला काहीतरी फेकून द्यायचा. घोडा म्हणू नका, हत्ती म्हणू नका. बहुतेक वेळा फेकलेलं वायाच जायचं आणि तो हरायचा. हरला की समोरच्याचा हात हातात घेऊन हलवायचा आणि म्हणायचा, “मजा आली ना पण?”

हे दोघं मित्र होते. आजही आहेत. पण एका डावानं त्या मैत्रीत जो खडा पडला तो काही निघाला नाही.

कारखान्यांच्या स्पर्धेत पहिल्या पटावर कोणी बसायचं यासाठी दोघांची निवड चाचणी लागली. श्यामकांत काळ्या बाजूनं खेळत होता, एक प्यादं वर होता आणि घरी जाऊन काय जेवायचं याचा विचार करत होता. तेवढ्यात अंबादासनं वजीर उचलला आणि काळ्या राजासमोरच्या प्याद्यांच्या मधोमध नेऊन ठेवला. फुकट. श्यामकांतनं बराच वेळ बघितलं. त्यात काहीच दिसेना, तेव्हा त्यानं तो प्याद्यानं खाल्ला. लगेच एक घोडा, मागोमाग हत्ती, आणि श्यामकांतचा राजा स्वतःच्याच प्याद्यांच्या गर्दीत गुदमरून मेला. कोणीतरी तो डाव वर्तमानपत्राच्या बुद्धिबळाच्या सदराला पाठवला आणि तो छापून आला. खाली नावं. पांढरा अंबादास इंगळे, काळा श्यामकांत प्रधान.

पुढे मंडळ निघालं. डिसेंबरातल्या वर्धापनदिनाला मंडळाचा स्वतःचा म्हणून एक डाव दाखवायचा ठरलं, आणि दुसरा कुठला दाखवणार? त्यात पद्धत अशी की खेळणारे हयात असतील तर आपापले मोहरे त्यांनीच हलवायचे. म्हणजे दर वर्षी श्यामकांत नवा शर्ट घालून काळ्या बाजूला उभा राहणार, आपल्याच हातानं तो वजीर खाणार, वाटीत टाकणार, आणि त्याच्या कानाशी टाळी वाजणार. ती टाळी अंबादासच्या वजिराला. मग अंबादास हात जोडून हसणार. श्यामकांतही हसायचा. “असल्या चालीपुढे कोणीही हरलं असतं,” असं तोच सगळ्यांना सांगायचा, आणि लोक म्हणायचे, बघा, किती दिलदार माणूस.

दिलदार कसला. आतून जळत होता. हरण्याचं त्याला एवढं नव्हतं. पण शंभर जुने डाव ज्याला तोंडपाठ, ज्याच्या तोंडून ऐकताना माणसांच्या अंगावर काटा येतो, त्याच्या वाट्याला आयुष्यात अशी एक चाल येऊ नये? आणि ज्याला लंडनचा डाव कुठला नि पॅरिसचा कुठला याचा पत्ता नाही, त्याला ती अशी जाता जाता सापडावी? हेवा एकदा सुरू झाला की त्याला काहीही पुरतं. अंबादासचे गुडघे अजून शाबूत आहेत याचाही श्यामकांतला राग यायचा.

तुम्ही म्हणाल, मग यंत्राला का नाही विचारलं? आज फोनमध्ये डाव घातला की निमिषात कळतं, चाल खरी की खोटी. श्यामकांतनं मुद्दाम कधी विचारलं नाही. यंत्र खरी म्हणालं तर? मग कुढायलाही जागा उरली नसती. आणि आपल्याच मंडळाचा लाडका डाव तपासून बघावा, असं दुसऱ्या कोणाच्या मनातही आलं नाही.

यंदा वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी तो तयारीला एकटाच वर गेला. पट पुसला, मोहरे लावले, डाव खेळत खेळत त्या चालीपर्यंत आला. अंबादासचा वजीर जागेवर ठेवला आणि खायला हात पुढे केला, तर टेबलावर वाटी नाही. खालच्या शिपायानं चहासाठी नेली होती. आता वजीर टाकायचा कशात? हाक मारून श्यामकांत वाट बघत उभा राहिला, आणि वजीर तसाच पटावर राहिला. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. निवड चाचणीच्या दिवशीही त्यानं वजीर कसा खाऊ, याचाच विचार केला होता. न खाल्लेला वजीर कसा दिसतो, हे तो पहिल्यांदा बघत होता.

आपला काळा उंट एक घर मागे. बस. मात जिथे होते ते घर झाकलं जातं, आणि पांढऱ्याचा वजीर प्याद्यांच्या मधे तसाच अडकलेला. परत फिरवला तर तिकडे हत्ती जातो, नाही फिरवला तर वजीरच जातो. श्यामकांतनं कपाळावरचा घाम पुसला. मग मंडळाचा नियम मोडून टोपलीतला फोन काढला आणि घाबरत घाबरत डाव त्यात घातला. यंत्र म्हणालं, उंट मागे. काळा जिंकतोय.

शिपाई वाटी घेऊन आला तेव्हा हा हिशेब विभागाचा निवृत्त प्रमुख खिडकीशी उभा राहून शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. अंबादास नवं जाकीट घालून आला होता. डाव सुरू झाला, वजीर प्याद्यांच्या मधे जाऊन बसला, आणि लोकांनी टाळीसाठी हात उचलले. श्यामकांतनं वजिराला हात लावला नाही.

“थांबा,” तो म्हणाला. “यंदा मी घेत नाही.”

त्यानं उंट मागे घेतला आणि सगळं समजावून सांगितलं. लंडनचा डाव सांगायचा त्याहून छान सांगितलं. प्रत्येक फाटा, प्रत्येक उत्तर. पांढऱ्याची एकेक वाट तो बंद करत गेला आणि शेवटी अंबादासकडे न बघता म्हणाला, “म्हणजे ही चाल मुळात खोटी होती.”

हा क्षण त्यानं रात्रभर मनात घोळवला होता. मग मरोळला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत असलेला सुयोग मागून म्हणाला, “एक मिनिट, काका. म्हणजे तुम्ही जिंकत होतात?”

“अर्थात.”

“मग हरलात कसे?”

त्यानं खरंच विचारलं होतं, त्यात कुत्सित काही नव्हतं. पण हॉलमध्ये हसू पसरलं. कोणी म्हणालं, अरे, एक प्यादंही वर होता की हा. कोणी म्हणालं, बघायला वेळ नव्हता का? नमिताबाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं, “फुकट दिसलं की हात जातोच हो माणसाचा.” आणि श्यामकांतच्या पायाखालची जमीन सरकली. कालपर्यंत तो एका अप्रतिम चालीपुढे हरलेला माणूस होता. त्यात कमीपणा नव्हता. लंडनला हरणारेही काही लेचेपेचे नव्हते. आज त्यानं सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं, पुराव्यासकट सिद्ध केलं होतं की जिंकलेला डाव तो हातानं घालवून बसला.

“अरे, त्याच्याकडे वेळच उरला नव्हता,” अंबादास मोठ्यानं म्हणाला. “घड्याळ पडायला आलं होतं. आणि पटावर बसल्यावर ते दिसतं का? मला तरी कुठे दिसलं होतं. चला, चहा घ्या.”

हे खोटं होतं. श्यामकांतकडे त्या दिवशी वेळच वेळ होता, आणि अंबादासला ते पक्कं आठवत असणार.

लोक चहाकडे वळल्यावर श्यामकांतनं त्याला जिन्यात गाठलं. “खरं सांग. तुला हे माहीत होतं?”

अंबादासनं फुंकर मारून चहाचा घोट घेतला. “त्याच संध्याकाळी दिसलं. जेवता जेवता. म्हटलं, आयला, वाट लागली असती आपली.”

“मग बोलला का नाहीस कधी?”

“कोणाला बोलू? दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तूच सगळ्यांना सांगत होतास ना, असल्या चालीपुढे कोणीही हरलं असतं. बरं वाटत होतं तुला. राहू दिलं मग.”

“तुझंही नाव झालं त्यात.”

“झालं की. खोटं कशाला बोलू, मला पण आवडायचं ते. टाळी बिळी, झकास.” तो हसला. मग जिन्याच्या कठड्यावर कप ठेवून सहज म्हणाला, “एक कर यार. हा डाव आता बंद करू. पुढच्या वर्षी दुसरा कोणाचा तरी लावा. मी सांगतो सगळ्यांना, मलाच कंटाळा आला म्हणून.”

श्यामकांत त्याच्याकडे बघत राहिला. या माणसाचं नाव आयुष्यात एकदाच छापून आलं होतं. मंडळातल्या पोरांना अंबादास इंगळे म्हणजे हा डाव, दुसरं काही नाही. आणि तो, चहा थंड होतोय म्हणावं तितक्या साधेपणानं, हा डाव देऊन मोकळा झाला होता. मागे काय उरेल, बदल्यात काय मिळेल, याचा विचारही त्याच्या चेहऱ्यावर नव्हता.

नको, असं म्हणायला हवं होतं. अरे, तुझा डाव आहे, राहू दे, मी उभा राहीन काळ्या बाजूला, एवढं एक वाक्य. ते श्यामकांतच्या घशापर्यंत आलंही होतं.

“बरं,” तो म्हणाला.

अंबादासनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हसत आत गेला. श्यामकांत जिन्यातच उभा राहिला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, पण त्याहून जास्त हेवा वाटत होता. असं देता यावं, यासाठी त्यानं आपले सगळे जिंकलेले डाव दिले असते, असं त्याला वाटलं. आणि लगेच, ते सगळे द्यावे लागतील का, याचा तो हिशेब करू लागला.