सेतुरावांच्या हातचं बेअरिंग

आजोबांच्या मोटारीचं एक बेअरिंग झिजलं आणि पुण्यातल्या मेकॅनिकांनी हात टेकले, तेव्हा ते पिशवीत घालून मी चेन्नई गाठली. गाडीचं इंजिन तिथेच, गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात बांधलेलं. फोन केला तर कारखाना अजून चालू!

सेंट्रलहून मेट्रोने थेट गिंडीला जा, रिक्षाच्या नादी लागू नका. स्टेशनबाहेर इडली खाल्ली, कॉफी दोनदा घेतली.

कारखाना सत्तरीच्या कमलाबाई चालवतात. बोलणं जुनं तंजावरी मराठी. त्यांचे वडील सेतुराव, म्हणजे अप्पा, चौथी शिकलेले, पण पंपाच्या इंजिनावर त्यांनी स्वतःची मोटार बांधली. तिची बेअरिंगं तापून जायची, म्हणून वर्षानुवर्षं कथील, तांबं नि काय काय वितळवत त्यांनी बेअरिंगच्या आतल्या अस्तरासाठी स्वतःचा मिश्रधातू काढला. आजोबांच्या इंजिनातही तोच. भट्टीपुढे डोळे अधू झाले, पण गाडी तंजावरला जाऊन आली. अशा माणसापुढे मान आपोआप लवते.

कृती त्यांनी कधी लिहिली नाही. दर वेळी धातू ओतला की पहिली कांडी मोडायची आणि आतले कण जुन्या तुकड्याशी ताडून पाहायचे, जुळले तर मिश्रण बरोबर, हीच रीत. ते तुकडे पुरात वाहून गेले.

"जुना धातू कोठें?" कमलाबाईंनी विचारलं.

मी ऐटीत सांगितलं, तुमचं काम वाचावं म्हणून जुनं अस्तर घरीच खरवडून बेअरिंग लख्ख केलंय, चुरा कचऱ्यात टाकला. नको तिथे हुशारी, दुसरं काय! त्या स्टुलावर बसल्या.

"अप्पांच्या हातचा तुकडा एक मिळेल म्हणून वाट पाहत होतें मी."

इंजिनात तशीच आणखी दोन धडधाकट बेअरिंगं होती. मला ते माहीत होतं. पण कण पाहायचे तर अस्तर मोडावं लागणार, म्हणजे गाडी बंद. मी गप्प बसलो. त्यांनी बाजारातला धातू ओतून दिला, वर डब्यातला अर्धा सांबारभातही माझ्यापुढे केला. तो घास काही गोड लागला नाही.

घरी गाडी सुरू झाली, गल्ली गोळा झाली. आठवडाभर मिरवलो, पण स्टिअरिंग धरलं की तो स्टूल आठवायचा. रविवारी इंजिन उघडलं, मधलं बेअरिंग काढलं आणि तेलकट होतं तसंच फडक्यात बांधलं.

गाडी सध्या उभी आहे. पार्सलमध्ये चिठ्ठी टाकली: "कमलाबाई, हे पुसलेलं नाही."