पहिल्या आवाजाची ओळ

आमच्या गावात ख्रिस्ती घरं चार आणि गाण्याचे आवाजही चार. ताडकळसहून पुढं पाचेक मैलांवर गाव, गावाच्या कडेला पत्र्याचं चर्च आणि त्याच्या आसपास ही घरं. निजामाच्या अमदानीत कोणी एक गोरी मॅडम तिथं राहून गेली. जायच्या आधी तिनं एक गाणं चार आवाजांत बसवून दिलं, थडग्यावरचा दगड सरकल्याचं. घरं चारच, म्हणून तिनं एकेका घराला एकेक आवाज वाटून टाकला. पहिला आवाज म्हणजे गाण्याची चाल, बाकीचे तीन तिच्या आधाराला. बायका वरच्या पट्टीत, गडीमाणसं खालच्या, पण घरातल्या सगळ्यांचा आवाज एकच. मॅडम गेली, जाताना कागदही घेऊन गेली. तिची पायपेटी राहिली, ती वाळवीनं खाल्ली. गाणं मात्र सासूकडून सुनेकडं, बापाकडून पोराकडं असं चालत राहिलं. ईस्टरला आणि कुणाच्या मातीला ते म्हणायचं, एरवी तोंडातही आणायचं नाही.

मी लग्न होऊन दुसऱ्या आवाजाच्या घरात आले. जालन्याकडची, शाळेत मास्तरीण आणि तोंडानं फटकळ. सासूला मी आत्या म्हणायची. पहिल्याच आठवड्यात आत्यानं मला चुलीपुढं बसवून आवाज शिकवायला घेतला. दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आत्या, हे काय गाणं हाय? एकाच सुरावर किती येळ उभं राहायचं माणसानं?"

"तुला हिंडायचं आसंल तर पहिल्या आवाजाच्या घरात लगीन करायचं होतंस," आत्या म्हणाली. "आपलं काम उभं राहायचं हाय."

चाल गोड होती, गळा आपोआप तिकडं जायचा. चर्चमध्ये आत्या माझ्या शेजारी उभी राही, आणि मी चालीकडं घसरले की दंडाला चिमटा. तोही साधासुधा नाही, काळानिळा डाग पडायचा. एक कान तळहातानं झाकायचा, दुसऱ्यानं फक्त आपल्या घराचं ऐकायचं. दुसऱ्या घरचा आवाज म्हणणं म्हणजे परक्याच्या चुलीवर आपलं भांडं ठेवणं, असं सगळे मानत. वर्षा-दीड वर्षात माझा गळा असा तयार झाला, की चाल कानावर आली की तो तिच्यापासून लांब पळायचा. मला त्याचा केवढा गर्व होता! आत्या मात्र कधी बरं म्हणाली नाही.

गाण्याची पहिली ओळ पहिल्या आवाजाची, एकट्याची. ती संपली की बाकीचे तिघं आत शिरायचे. ती ओळ उचलायची त्या घरातली म्हातारी. मी तिला मावशी म्हणायची. काटकुळी बाई, दिवसभर लोकांच्या रानात खुरपायला जायची. तिची आणि आत्याची भांडणं हापशावर रोजची. घागर आधी कुणाची, एवढ्यावरून एकमेकींच्या सात पिढ्या काढायच्या. गाण्याला मात्र दोघी शेजारीशेजारी उभ्या राहायच्या. मावशी ओळ उचलायची तेव्हा आत्या डोळे मिटून घ्यायची. चाळीस वर्षं दोघी अशाच उभ्या राहिलेल्या.

मग विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात भर दुपारी जमाव आला. मावशीचं घर बौद्ध वस्तीला लागून, कुडाला कूड. "आग लावणाऱ्यानं इचारलं न्हाई, तू बुद्धाची का येशूची," मावशी नंतर म्हणाली. माणसं वाचली. घर गेलं, दोन शेळ्या दाव्याला बांधलेल्याच गेल्या. जमावात माझ्या वर्गातल्या दोन पोरांचे बाप होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. शाळा उघडली त्या दिवशी मी त्या पोरांची हजेरी घेतली, त्यांनी हजर म्हटलं. काय करणार होते मी? आठ दिवसांत मावशीचं सगळं घर एक पत्र्याची पेटी घेऊन परभणीला निघून गेलं. आत्या पेटीची एक कडी धरून एसटीपर्यंत पोचवायला गेली.

पुढच्या ईस्टरला आम्ही उभे राहिलो तेव्हा लक्षात आलं की चाल गेली. तिन्ही घरं इतकी वर्षं ऐकत होती म्हणावं, तर ऐकायचं नाही हेच तर शिकलो होतो. एकानं एक तुकडा म्हणून दाखवला, दुसरा म्हणाला असं नव्हतंच, आणि चर्चच्या पायरीवर भांडण जुंपलं. शेवटी आत्यानं निकाल दिला. "ती वळ जितकी लांब, तितका येळ गप उभं राहायचं. मंग आपण सुरू करायचं. घर परत आलं की त्यांची जागा त्यांना."

तसंच चालू झालं. उभं राहायचं, मनात श्वास मोजायचे आणि तिघांनी एकदम शिरायचं. महिन्यातून एकदा परभणीहून येणारे पाळकसाहेब नवे होते. आमचं गप उभं राहणं पाहून ते म्हणाले, "म्हणा की! विसरलात का काय?"

आत्यानं हात वर केला. "थांबा सायब. चालू हाय."

पहिली दोन वर्षं आम्ही म्हणायचो, येतील परत. नंतर कुणी म्हणायचं सोडलं. मावशीच्या जळक्या जागेवर कुणीतरी कडबा रचायला सुरुवात केली आणि ती जागा त्याचीच झाली.

आठ वर्षांनी आत्या अंथरुणाला खिळली. पोटात गाठ होती. परभणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ तिला आमच्या आधी कळला. तिनं औषध मागितलं नाही, लेकी बोलवा म्हणाली नाही. एकच म्हणाली, "माझ्या मातीला गाणं पुरं म्हणा. चारी आवाजांत. तिला बोलवून घ्या."

मावशीचे पाय गेले होते, खाटेवरून उठता येत नव्हतं. तसं आत्याला सांगितलं.

"मंग तू जाऊन घेऊन ये," ती म्हणाली. "तुझा कान चांगला हाय."

ज्या बाईनं मला चिमटे काढून चालीपासून लांब हाकललं होतं, ती आता परक्या घरची चाल तोंडात घे म्हणत होती. आणि माझा कान चांगला म्हणाली, बारा वर्षांत पहिल्यांदा. मी बाहेर जाऊन रडून घेतलं आणि रविवारी सकाळी एसटी धरली.

परभणीत मावशीची एकच खोली, वर पत्रा. लेक-सून वारलेले; उरलेला एक नातू रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला, गाणं शिकायच्या आधीच त्याचं गाव सुटलेलं. मी कशाला आले हे कळताच त्यानं टेपरेकॉर्डर पुढं ओढला. "काकू, भरून देतो. कॅसेटवरची पिक्चरची गाणी पुसतो, पाच मिनिटाचं काम."

आणि मी शहाणी! म्हणाले, "आमच्या घरात आवाज कानानं येतो बाबा, डबड्यातून न्हाई. माझा कान चांगला हाय."

मावशी गायली. श्वास पुरत नव्हता, पण प्रत्येक सूर आपल्या जागेवर. मी एकेक ओळ तिच्या मागून म्हटली, मग सगळं गाणं सलग तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा एकही चूक झाली नाही. मावशीनं माझा हात धरला. "गावाकडं चाललं माझं गाणं," ती म्हणाली. "तिला म्हणावं, आता हापशावर आधी तूच भर."

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. मी गुणगुणत होते. पहिली ओळ, जिथं मावशी एकटी असायची, ती नीट आली. दुसऱ्या ओळीला मात्र कानात बाकीचे आवाज उभे राहिले, कुणी न गाताच, आणि माझा गळा पळाला. परत पहिल्यापासून म्हटलं, परत तिथंच. जोर करून चालीवर राहायला गेले तर दंड दुखल्यासारखा व्हायला लागला. एसटीत बाजाराची माणसं भरली, कोंबड्या आल्या, कुणाचं तरी पोर माझ्या मांडीवर बसलं. मी म्हणतच होते. किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. जितक्या वेळा म्हटलं तितकी चाल झिजत गेली. ताडकळस येईपर्यंत पहिली ओळही तिच्याबरोबर गेली होती. पण हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटत होतं, ओळ तरी आहे.

आत्या वाटच पाहत होती. "आणलंस?"

मी खाटेशेजारी बसले आणि पहिली ओळ म्हटली. आत्यानं डोळे मिटले होते, ते हळूहळू उघडले. मी आणखी एकदा म्हटली. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"पोरी," ती म्हणाली, "हे आपलंच हाय."

पुढच्या रविवारी परत जाऊन कॅसेट भरून आणायची ठरवली. त्या रविवारी बंद होता, एसट्या जागच्या हलल्या नाहीत. नामांतर व्हावं म्हणून होता का होऊ नये म्हणून, आता आठवतही नाही. दोन्हीकडचे बंद आमच्या दारात सारखेच यायचे. त्याच्या पुढच्या रविवारी गेले, तर खोलीत मावशीची खाट उभी करून ठेवलेली. गुरुवारीच माती झाली होती. आम्हाला कळवणार कोण, तार करायला कुणाला सुचलं नव्हतं. नातू उंबऱ्यात बसला होता. "काकू," तो म्हणाला, "त्या दिवशी पाच मिनिटं लागली आसती."

आत्याला खोटं सांगता आलं नाही. मावशी गेली म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "आता मलाबी लवकर जाऊ दे. किती येळ गप राहायचं ते ठाव असणारी माणसं हायत तवर."

महिन्याभरात ती गेली. मातीच्या वेळी आम्ही गाण्याला उभे राहिलो आणि गप राहिलो. मी श्वास मोजत होते आणि मनातल्या मनात मावशीची ओळ शोधत होते. तीनदा बिनचूक म्हटलेली ओळ! गळ्यात एकच सूर यायचा, आपला, उभं राहण्याचा. मग तिन्ही आवाज शिरले. आत्यानं एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मी माझ्या हातानं, माझ्या तोंडानं घालवली.

नामविस्तार झाला त्या वर्षी आसपासच्या मंडळ्यांचा मेळावा भरला. आमच्याकडून पोरापोरींनी ते गाणं म्हटलं. म्हातारी माणसं एव्हाना संपली होती, गप राहणं कशासाठी हे पोरांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ते काढूनच टाकलं होतं. दुसरा आवाज सगळ्यात वर ऐकू यायचा, म्हणून तीच चाल समजून ते शिकले होते. शिकवला मीच, दुसरं मला येतच काय होतं? मी मागच्या रांगेत उभी होते. त्यांनी सुरुवात केली, मी मात्र सवयीनं कानावर तळहात ठेवून गप राहिले, श्वास मोजले, आणि मावशीची ओळ संपल्यावर शिरले.

पुढच्या रांगेतल्या पोरीनं मान वळवून पाहिलं. गाणं झाल्यावर माझ्याजवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं हळूच म्हणाली, "बाई, तुमी लय मागं राहिल्या."

"व्हय," मी म्हणाले. "वय झालं."