कांबळेसाहेब आणि वरची रांग

कांबळेसाहेबांना आंबे विकणं दुकानदाराला नकोसं होई. साहेब पेटी फूटपाथवर रिकामी करायला लावत, तळाचा आंबा आधी हातात घेत आणि मग चष्म्यावरून दुकानदाराकडे बघत. "वरची रांग सगळ्यांचीच चांगली असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवाळीत आम्ही दिलेला मिठाईचा डबाही त्यांनी आमच्यासमोर तळापर्यंत उचकला होता. बायकोने पुढे वर्षभर त्यांचं नाव काढलं नाही.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांची सगळी नोकरी माल तपासण्यात गेली. खोकं उघडल्याशिवाय सही करायची नाही, ही शिस्त त्यांनी निवृत्तीनंतर बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीवर लादली. रंगाऱ्याचे डबे, पाण्याची टाकी, सेक्रेटरीचा अहवाल, काही सुटलं नाही.

त्या वर्षी खराडीतल्या माझ्या ऑफिसात लिथियमचं वारं शिरलं होतं. स्वच्छ ऊर्जेला लागणारी खनिजं काढणाऱ्या कंपन्यांचा फंड निघाला होता. जन्मात खाण न पाहिलेले आम्ही लोक डबा खाताना कोबाल्टवर अधिकारवाणीने बोलायचो. त्याचं रंगीत माहितीपत्रक मी मोठ्या तोऱ्यात साहेबांना दाखवलं. मुलीच्या शिक्षणाचे पैसे यात घालणार, असंही सांगितलं.

मुखपृष्ठावरच्या पवनचक्क्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटच्या पानावरची बारीक अक्षरांतली कंपन्यांची यादी काढली आणि एकेक नाव मला फोनवर शोधायला लावलं. वरच्या दोन लिथियमच्या निघाल्या. खाली एक सिमेंटची होती, एकीची खाण अजून सुरूच व्हायची होती आणि एक चक्क कोळशाची.

"अहो कुलकर्णी, हा कोळसा धुऊन घेतात का?" साहेबांनी शांतपणे विचारलं. मग म्हणाले, "सही केलीत?"

"नाही," मी म्हणालो.

सही आदल्या दिवशीच झाली होती. सोफ्यावर लोळत, फोनवर, अंगठ्याने.

पुढच्या सभेत साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, की या इमारतीत खोकं उघडून बघणारा एक तरी माणूस आहे. मी निर्लज्जासारखा हसलो. यथावकाश लिथियमचा भाव कोसळला आणि फंडही त्याच्या मागोमाग गेला. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी निम्मेही पैसे उरले नव्हते. मी गुपचूप कर्ज काढलं.

साहेब मात्र पेढे घेऊन आले. पैसे जपलेत म्हणून पोरगी शिकायला निघाली, असं म्हणत त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "उघडून बघा."

मी तळापर्यंत पाहिलं. खालची रांग वरच्यासारखीच होती, एकही पेढा मोडका नव्हता. तेव्हा तरी खरं सांगायचं. तोंडात पेढा होता, एवढं निमित्त मला पुरलं.

त्याच वर्षी साहेब गेले. जन्मभरात त्यांनी न उघडता पास केलेला माल एकच, तो म्हणजे मी.