तुमच्यासमोर पुसते

टायपिंगवाल्या काकूंकडे लोक यायचे ते त्यांच्या वेगासाठी नव्हे. वेगानं टाइप करून देणारे रस्त्याच्या कोपऱ्यावरही होते. लोक यायचे ते काकूंच्या एका सवयीसाठी. घटस्फोटाचा अर्ज असो, नाहीतर साहेबाविरुद्धची तक्रार, कागद छापून हातात दिला की काकू गिऱ्हाइकाची खुर्ची स्क्रीनपुढे ओढायच्या. "हं, बघा. तुमच्यासमोर पुसते." फाईल कचऱ्याच्या डब्यात, मग डबाही रिकामा. "गेलं. आता मला कोणी विचारलं, तर तुम्ही आलाच नव्हता." मग समोरचा माणूस जरा सैल व्हायचा, पाणी मागायचा.

जुन्या संगणकानं मान टाकली तेव्हा नवा आला. दुकानदार घरी येऊन तो मांडून देत होता. मशीन एकामागून एक प्रश्न विचारत होतं आणि काकू स्वयंपाकघरातूनच प्रत्येकाला "हो, हो" म्हणत होत्या. स्क्रीनवर जे दिसेल त्याचे फोटो आपोआप काढून ठेवायचे का, म्हणजे पुढे काही शोधायचं झालं तर सापडेल, हा त्यातलाच एक. काकूंचं लक्ष उतू जाणाऱ्या दुधाकडे होतं. ते फोटो उघडण्यासाठी बोट टेकवायला सांगितलं, तेव्हा ओला हात पदराला पुसून त्यांनी तेही टेकवलं.

पुढे कितीतरी दिवसांनी एका भाडेकराराचा मसुदा त्यांना सापडेना. शोधायच्या चौकटीत त्यांनी 'भाडे' लिहिलं, मशीननं बोट मागितलं, दिलं, आणि स्क्रीनवर छोट्या छोट्या चित्रांची रांग लागली. त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलेले करार, जसेच्या तसे. नवऱ्याला न सांगता खोली घेणाऱ्या शिंपीणबाईंचासुद्धा. आणि त्याच रांगेत एका जाहिरातीचं चित्र होतं, जी त्यांनी कधी टाइप केलीच नव्हती. 'दोन खोल्या भाड्याने देणे आहे.' त्याच्या शेजारी तसंच आणखी एक. संध्याकाळी काकू फिरायला गेल्या की सून याच मशीनवर बसायची.

इथे थांबायला हवं होतं. ते त्यांना तेव्हाही कळत होतं. पण हात माऊसवर होता आणि घरात कोणी नव्हतं.

पुढच्या चित्रात सून आपल्या आईशी लिहून बोलत होती. 'सासूबाई वाईट नाहीत गं, जीव लावतात. पण कपाट उघडावं तर माझे कपडे त्यांच्या पद्धतीनं घडी घातलेले. पर्स आवरून ठेवलेली. मला फक्त एक दार हवंय, मी लावलं की लावलेलं राहील असं.' काकूंनी ते वाचलं. मग त्याच्या पुढचंही वाचलं.

रात्री जेवताना मुलगा खिडकीतल्या रोपाकडे बघून म्हणाला, "याला ऊन मिळत नाही, आई."

"दोन खोल्यांत तेवढंही मिळायचं नाही," काकू बोलून गेल्या.

सुनेचा घास हातातच राहिला. मुलगा म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी काय सांगायचं? असंच आपलं."

भिंत पातळ होती. पलीकडून सून दबक्या आवाजात म्हणाली, "तुझ्या पोटात काही राहतच नाही."

"मी? मी तर वेळ बघून सांगणार होतो! तूच बोलली असशील."

"मी कशाला माझ्या पायावर धोंडा पाडून घेऊ?"

दुसऱ्या दिवशी दोघं एकमेकांकडे न बघता कामावर गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. काकू दोघांचे डबे भरत राहिल्या. एक शब्द बोलल्या असत्या तर भांडण मिटलं असतं. तो शब्द काही तोंडातून निघेना.

शेवटी त्या दुकानदाराकडे गेल्या.

"मी विचारलं होतं, काकू," तो हसत म्हणाला. "तुम्ही तर सगळ्यालाच हो म्हणत सुटलात. लग्नातसुद्धा माणूस जरा थांबतो."

"बंद कसं करायचं, तेवढं सांग."

त्यानं आपल्या मशीनवर दाखवलं. गोपनीयतेच्या पानावर जाऊन हे बटण बंद करायचं. चालू ठेवायचं असलं, तर हवी ती ॲप वगळता येतात. जुने फोटो तासाभराचे पुसता येतात, दिवसाचे, नाहीतर सगळेच्या सगळे. "एका मिनिटाचं काम. कोणाला कळणारसुद्धा नाही."

परत येताना ते शेवटचं वाक्य काकूंच्या मागे मागे येत होतं. कोणाला कळणारसुद्धा नाही. आयुष्यभर लोकांसमोर पुसलं, आणि आता घरच्या माणसाचं पाठीमागे पुसायचं?

संध्याकाळी त्या फिरायला गेल्या नाहीत. सून आली तशी त्यांनी गिऱ्हाइकाची खुर्ची ओढली. "बस जरा. मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंही नाही. मी वाचलं."

काय, कुठे, कसं, ते सगळं त्यांनी सांगितलं. सून म्हणाली, "मी चार दिवस त्याच्याशी धड बोलले नाही, आई. आणि तुम्ही बघत होतात."

"हो."

"काय काय वाचलंत, ते दाखवा."

"पुसूनच टाकते ना आता, तुझ्यासमोर..."

"आधी दाखवा."

काकूंच्या बोटाला घाम सुटला होता. मशीननं ते ओळखलं नाही. पदराला पुसून त्यांनी पुन्हा टेकवलं.

"हे?"

"हो."

"हे पण?"

"हो."

कपाटाचं बोलणं आलं. सुनेनं विचारलंच नाही. काकू खाली बघत आपणहून म्हणाल्या, "हे दोनदा."

रस्त्यावरून कोणीतरी हाका मारत गेलं.

"आणि लोकांचे हे कागद?"

"ते मी उघडले नाहीत. पण खोटं तर बोललेच ना, पुसलं म्हणून. एकेकाला सांगणार आहे. आधी शिंपीणबाईंना."

सुनेनं माऊस स्वतःकडे घेतला. बटण बंद केलं, सगळे फोटो निवडले. मशीननं विचारलं, नक्की पुसायचं का? "यालाही हो म्हणायचं ना?" ती म्हणाली.

रांग नाहीशी झाली. 'गेलं' हा शब्द मात्र आज काकूंना उच्चारवेना.

"मी या मशीनवर माझं वेगळं खातं उघडते. पासवर्ड टाकायचाय."

काकू उठल्या. नुसतं तोंड फिरवून त्यांचं समाधान होईना. त्या खोलीबाहेर गेल्या, दार ओढून घेतलं आणि बोळात भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दार जुनं, कडीपाशी फुगलेलं. ते हळूहळू आपोआप उघडायला लागलं. काकूंनी मागे हात नेऊन ते धरून ठेवलं.

आतून बटणांचा आवाज आला. मग सुनेचा. "आम्ही घर बघणारच आहोत, आई."

"बघा," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दारं नीट लागतात का, तेवढं बघून घ्या."