मामंजींचं जर्मन पदक

लग्न होऊन मी सातपूरजवळच्या कॉलनीत आले, त्या पहिल्याच आठवड्यात मामंजींनी मला ते पदक दाखवलं. हातात दिलं नाही, लांबूनच दाखवलं. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये होते. तिथे त्यांनी एका जर्मन अफसराला संगिनीनं मारलं आणि त्याच्या छातीवरचं पदक उपटून आणलं, ही गोष्ट मामंजी दर जयंतीला स्टेजवरून सांगायचे. आमच्या बौद्ध वस्तीत सैनिकाच्या घराला मान होता. मामंजी तो पुरेपूर वसूल करायचे.

मी एका कारखान्यात जर्मन भाषांतराचं काम करायची. तेही त्यांना खुपायचं. "दिवसभर पुरुषांत बसून काय वाचते कुणास ठाऊक," असं ते शेजाऱ्यांना मुद्दाम मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचे.

एका जयंतीआधी पदक चिंचेनं घासायचं काम माझ्यावर आलं. काळेपणा गेला तशी मागची अक्षरं वर आली. रेड क्रॉसच्या सेवेबद्दल, असं लिहिलं होतं. 'रेड'चा जर्मन शब्द जुन्या पद्धतीनं, एक एच जास्त घालून लिहिलेला. म्हणजे कैसरच्या काळातलं. कडेवर आणखी बारीक अक्षरं कोरली होती, ती काही लागेनात. मी कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली आणि तो ठसा कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या जर्मन इंजिनिअरला दाखवला. त्याच्या घरी अशी पदकं जमवायचा छंद होता.

"हे लढाईचं नाही, शुश्रूषेचं आहे," तो म्हणाला. "एरवी यावर नाव नसतं. इथे सिस्टर लिहून पुढे नाव आणि गाव कोरलंय. असं मी पाहिलेलं नाही."

रात्री जेवताना मी हे सांगितलं. नवऱ्यानं मान खाली घातली. मामंजींचा हात ताटातच थांबला.

"माझ्या बापानं बाई मारली म्हणतेस?"

"मी नाही म्हणत, मामंजी. ज्याचं पदक त्याला मारून आणलं, असं तुम्हीच म्हणता."

ते अर्ध्या जेवणावरून उठले. त्यानंतर माझ्या हातचं खाणं त्यांनी सोडलं. स्टोव्ह आणून ते पुढच्या खोलीत स्वतःची खिचडी करू लागले. कोणी विचारलं की म्हणायचे, "सून शिकलेली आहे ना." जयंतीला गोष्ट मात्र तशीच सांगितली, माझ्याकडे रोखून बघत. मीही नजर हटवली नाही.

खरं तर तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण मला ती बाई कोण हे हवं होतं, आणि मामंजी खोटे पडायला हवे होते, हेही तितकंच खरं. पदकावरच्या गावातल्या नर्सेसच्या संस्थेला मी पत्र लिहिलं. फार दिवसांनी उत्तर आलं. बाई मोसुलच्या जर्मन इस्पितळात होती आणि इंग्रजांची फौज तिथे पोचायच्या आधीच टायफसच्या तापानं गेली. तिला कुणी मारलं नव्हतं. पदक मागे राहिलं असेल आणि आजेसासऱ्यांनी ते बाजारात घेतलं असेल, किंवा कुठे पडलेलं उचललं असेल. ते काही कळलं नाही.

मी मामंजींना पत्राचा अर्थ सांगितला. वाटलं होतं, बापावरचा डाग गेला म्हणून तरी सुटल्यासारखं वाटेल. ते म्हणाले, "जर्मन लोक त्यांचंच सांगणार. तू कुणाच्या घरची आहेस?" आणि पदक कपाटात घालून किल्ली करदोट्याला बांधली.

सन ऐंशीनंतर काही वर्षांनी ते वारले. शेवटपर्यंत आमचं बोलणं नव्हतं. पदक धाकट्या दिरांनी पिंपळगावला नेलं. त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी ते पाहुण्यांना दाखवलं. आता गोष्ट बदलली होती. आजोबांनी जखमी जर्मन नर्सला पाठीवरून वाहून नेलं आणि तिनं स्वतःच्या हातांनी हे पदक त्यांना लावलं. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भाऊजी, ती तर आधीच मेली होती," मी म्हणाले.

जाऊबाईंनी माझ्या हातातली आइस्क्रीमची वाटी काढून घेतली आणि म्हणाल्या, "वहिनी, तुमची बस चुकेल."

त्यांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाचं आमंत्रण एकट्या माझ्या नवऱ्याला आलं. तो गेला.