बाबांचा जड पाय

आमची पिकअप सिग्नलला उभ्या उभ्या बोंबलायला लागली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकमताने गुन्हेगार ठरवून टाकला. तो म्हणजे बाबांचा उजवा पाय.

बाबा कांदिवलीत लोकांची बिऱ्हाडं हलवतात. इमारत पाडायला निघाली की कपाट, फ्रिज, तुळशीची कुंडी आणि वाटेत भांडणारं अख्खं कुटुंब भाड्याच्या घरी सुखरूप पोचवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. गाडी जुनी, पेट्रोलवरची, पुढे नाक नसलेली. इंजिन थेट सीटखाली. सत्तरी ओलांडलेल्या बाबांनी या गाडीला निवृत्त करावं की गाडीने बाबांना, यावर आमच्याकडे जेवताना नेहमी खल चालायचा. त्यात हे नवं दुखणं. एक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिन खाली उतरेना. न्यूट्रलला उभी गाडी अशी काही गुरगुरायची की शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढून विचारायचा, "काका, रेस लगाने का है क्या?"

आणि मेकॅनिककडे नेली की हीच गाडी गरीब गाय. पहिल्याने थ्रॉटल बॉडी साफ केली. अंधेरीच्या दुसऱ्याने "कुठून तरी हवा खेचतेय" म्हणत रबरी नळ्या बदलल्या. तिसऱ्याने सीट उचलून बराच वेळ कान लावला, मान हलवली आणि सांगितलं, "गाडी एक नंबर आहे. काकांचं वय झालंय." हा माणूस डॉक्टर व्हायचा राहिला.

मग दादाने स्वतः गाडी फिरवून आणली. त्याच्या हातातही ती शहाण्यासारखी चालली. झालं, शिक्कामोर्तब. "बाबांचा पाय जड झालाय. पायडलवरून उठतच नाही. उद्या कुणाला उडवलं तर?" एवढं बोलून त्याने किल्ली खिशात घातली. माझा भाऊ काही दुष्ट नाही, पण तो बरोबर असला की सहन होत नाही, आणि या वेळी तर तो घाबरलाही होता.

बाबा भांडले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी ते बाल्कनीत खुर्ची टाकून खाली उभ्या गाडीकडे बघत राहायचे आणि अधूनमधून उजवा पाय उचलून पुन्हा खाली ठेवायचे, आपला आपणच तपासल्यासारखा. मी मुलुंडहून रविवारी माहेरी आले आणि हे बघून माझं डोकंच फिरलं. दादा अंघोळीला गेल्यावर मी त्याच्या पँटच्या खिशातून किल्ली काढली. याला चोरी म्हणतात, ठाऊक आहे.

"चला," मी बाबांना म्हटलं.

"नको गं. त्याला कळलं तर…"

"तुम्ही त्याचे बाप आहात की तो तुमचा?"

खाली आल्यावर बाबांनी नेहमीप्रमाणे चपला काढून सीटमागे ठेवल्या. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात चपला घालून बसायचं नाही, हा त्यांचा नेम. पण सीटखालच्या इंजिनाने पत्रा तापतो आणि तळपाय भाजतात. म्हणून यंदा गणपतीत आईने जुन्या लुगड्यांची छोटी, चांगली जाडजूड गोधडी शिवून त्यांच्या पायाखाली घातली होती. आईने आयुष्यात बाबांचं कौतुक केलं नाही. गोधडी मात्र नक्षीचे टाके घालून शिवली.

मागच्या मैदानाला एक फेरी मारली, गाडी उभी केली आणि इंजिन बोंबलायला लागलं. मी बाबांच्या पायाकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मग त्यांनी दोन्ही पाय उचलले आणि सीटवर चक्क मांडी घातली, पंगतीला बसल्यासारखी. इंजिन तसंच बोंबलत होतं.

"पाय नाही!" मी ओरडले. क्रिकेट खेळणारी सगळी पोरं आमच्याकडे बघायला लागली. बाबा इतके खूश झाले की मांडी सोडेचनात.

"आता सीट उचलून आत बघूया," मी म्हटलं. बाबा खाली उतरले आणि आधी त्यांनी ती गोधडी उचलली, झटकली, घडी घालून डॅशबोर्डवर ठेवली. कुणाचे तेलकट हात किंवा बूट तिला लागू नयेत म्हणून गाडी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायच्या आधी ते तिला असंच बाजूला ठेवायचे. मेकॅनिककडे तसंच, दादाने चालवली तेव्हाही तसंच.

इंजिन एकदम शांत झालं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. गोधडी परत घातली, पुन्हा फेरी मारली. दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर ती टाचेखालून पुढे सरकली आणि तिची जाड कड एक्सिलरेटरवर चढून बसली. इंजिन बोंबललं. कड बाजूला केली, गप्प. एवढंच होतं. मला हसू आवरेना.

बाबा हसत नव्हते. "तुझ्या आईला सांगू नकोस," ते म्हणाले.

"मग दादाला काय सांगायचं?"

"पाय जड झालाय म्हण. या वयात कुणाला खोटं वाटायचं नाही."

"आणि गाडी?"

"दे सोडून. किती वर्षं चालवायची?"

मला असा राग आला म्हणता! आयुष्यभर एकमेकांना धड गोड शब्द बोलली नाहीत ही दोघं, आणि आता हा माणूस एका गोधडीपायी गाडीवर पाणी सोडायला निघाला होता. गाडी घराखाली परत आल्यावर मी किल्ली घेतली आणि वर जाऊन आईला सगळं सांगून टाकलं. दादा टॉवेल गुंडाळून ऐकत उभा होता. शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री घेऊन आई थेट खाली गेली. मागोमाग आम्ही, दादा शर्टाची बटणं लावत.

तिने बाबांना सीटवर बसवलं, स्वतः दारातून आत वाकली आणि पायडलच्या जागेपुरती गोधडी कापायला घेतली. सोबत मालवणीत तोंड चालू होतं.

"गाडी सोडूक निघाल्यात! माका एक शब्द सांगूक काय झाला होता? सगळी तुमका म्हातारो म्हणत रवली, ता चालला! इतकी वायट असंय मी?"

"वायट नाय गो," बाबा समोरच्या काचेतून बाहेर बघत म्हणाले. "पण चूक काढली असती, तर तू परत कधी काय शिवलं नसतंस माझ्यासाठी."

कात्री थांबली. दादाने माझ्या हातातली किल्ली घेतली, बाबांच्या मांडीवर ठेवली आणि तिथेच मान खाली घालून उभा राहिला. आईने नाक ओढलं, पदराने डोळे पुसले.

"पाय वर घेवा," ती म्हणाली. "बोटां कापतली."